गोड्या पाण्यातला मासा, खाऱ्या पाण्यातला गळ

मे महिन्याची सुट्टी लागली की पेडणे आणि डिचोली या आपल्या दोन्ही तालुक्यांत नदीकाठी गरी घेऊन बसणाऱ्यांची संख्या एकदम वाढते. केरीचा फेरीधक्का, किरणपाणी, चोपडे, इकडे सारमानस, नार्वे; जिथे पाण्यात उतरायला चार पायऱ्या आहेत तिथे संध्याकाळी कुणी ना कुणी बसलेले दिसतेच. त्यात आपल्या शाळेची मुलेही असतात आणि त्यांचे वडील, काका, आजोबाही असतात. सुट्टीनंतर वर्गात गोष्टी निघतात त्या याच. त्या गोष्टींमधून एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. तळ्यातली किंवा शेततळीतली छोटी चिलापी जिवंत गळाला लावून खाडीत सोडली, तर तिला मोठा चोणक लागतो का?

उत्तर सरळ आहे. लागतो. पण या छोट्या उत्तराच्या पोटात शरीरशास्त्र, आपल्या नद्यांचा स्वभाव आणि आपल्या खाजनांचे भवितव्य असे बरेच काही दडलेले आहे. म्हणून या अंकात त्यावर थोडे सविस्तर लिहायचे आम्ही ठरवले.

अमेरिकेत तळ्यांत आणि नद्यांत मिळणाऱ्या, तळण्याच्या तव्यात अख्ख्या मावतील अशा छोट्या चपट्या माशांना ‘पॅनफिश’ म्हणतात. ब्लूगिल हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध. आपल्याकडे ब्लूगिल नाही, पण तव्यावर मावणारे चपटे मासे भरपूर आहेत. काळुंदर आणि चिलापी, म्हणजेच तिलापिया, हे त्यातले दोन. दोघे एकाच कुळातले, दिसायलाही चुलतभावांसारखे. मात्र काळुंदर आपला मूळचा आणि चिलापी परदेशातून आणलेली. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आधी जिवंत आमिष का लावतात ते पाहू. मेलेले सुंगट किंवा माशाचा तुकडा लावला तर त्याच्या वासाने खेकडे आणि शेंगाळ्यासारखे तळाशी चरणारे मासे येतात. पण चोणक, तांबोशी, गोबरा हे शिकारी मासे. गढूळ पाण्यात त्यांना डोळ्यांचा उपयोग मर्यादितच. माशाच्या अंगावर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ दिसते, ती तुम्ही बाजारात माशाची खवले काढताना पाहिली असेल. त्या रेघेत पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. जवळपास एखादा मासा धडपडला की त्या थरथरीवरून शिकाऱ्याला त्याची जागा कळते. गळाला टोचलेला मासा नेमका तसाच धडपडतो. चोणक त्याच्या जवळ येतो, एकाएकी तोंड उघडतो आणि पाण्यासकट सावज आत ओढून घेतो. त्या वेळी जो ‘टप्प’ असा आवाज होतो तो रात्री काठावर बसलेल्याला स्पष्ट ऐकू येतो, आणि गरी घालणाऱ्याची झोप त्या आवाजावरच उडते.

मग गोड्या पाण्यातला मासा चोणकाला परका वाटत नाही का? अजिबात नाही. चोणकाचे आयुष्यच दोन्ही पाण्यांत जाते. मोठे चोणक पावसाळ्याच्या सुमारास नदीच्या मुखाजवळच्या खाऱ्या पाण्यात अंडी घालतात. पिल्ले भरतीबरोबर आत येतात, खाजनांत, ओहोळांत, कधी पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात, तिथे वाढतात आणि मोठी झाली की पुन्हा खाऱ्या पाण्याकडे वळतात. आणखी एक गंमत म्हणजे चोणक प्रथम नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणून बाजारात दिसणारे अगदी मोठे चोणक बहुधा माद्या असतात. तर सांगायचे असे की, गोड्या पाण्यातले छोटे मासे चोणकाने लहानपणी पोटभर खाल्लेले असतात. त्याची तक्रार नसते. अडचण येते ती गळाला लावलेल्या माशाला.

ही अडचण समजायला स्वयंपाकघरात जाऊ. आपल्याकडे उन्हाळ्यात चेपणीची तोरां घालतात. कोवळ्या कैऱ्या मिठात दाबून ठेवल्या की दोन दिवसांत बरणीत पाणी सुटते आणि कैऱ्या सुरकुततात. बाहेरून पाणी कुणी घातलेले नसते; ते कैरीच्या आतून आलेले असते. पातळ पडद्याच्या एका बाजूला मीठ कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त असले, की पाणी कमी मिठाकडून जास्त मिठाकडे झिरपते. नववी-दहावीच्या पुस्तकात याला परासरण म्हटले आहे.

आता मासा घ्या. त्याच्या रक्तातले क्षार एका लिटरला साधारण ९ ते १२ ग्रॅमच्या आसपास असतात. (इस्पितळात आपल्याला शिरेतून देतात त्या सलाईनमध्येही लिटरला ९ ग्रॅम मीठ असते, तेव्हा या बाबतीत मासा आणि माणूस फार दूर नाहीत.) तळ्याच्या पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅमही मीठ नसते, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम असते. म्हणजे तळ्यातल्या माशाच्या अंगात कल्ल्यांवाटे पाणी सतत शिरत राहते, आणि तो ते भरपूर, पातळ लघवीच्या रूपाने बाहेर टाकत राहतो. समुद्रातल्या माशाचे नेमके उलटे असते. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर जाते. म्हणून तो समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. पाण्यात राहूनही समुद्रातल्या माशाला पाणी पिऊन तहान भागवावी लागते, हे वर्गात सांगितले की मुले हसतात, पण ते खरे आहे.

आता तळ्यातला मासा एकदम समुद्राच्या पाण्यात टाकला, तर त्याचे शरीर पाणी बाहेर टाकण्याच्या सवयीतच असते आणि मीठ बाहेर फेकणाऱ्या पेशी तयार नसतात. पाणी दोन्ही वाटांनी जाते. थोडक्यात, तो मासा पाण्यात बुडालेला असूनही सुकत जातो, आपल्या चेपणीच्या कैरीसारखा. आधी तो जोरात पोहतो, मग कलंडतो, मग कल्ले फडफडवत तळाशी बसतो.

किती वेळ टिकतो हे जातीवर अवलंबून असते. रोहू, कटला यांची बोटभर पिल्ले खाऱ्या पाण्यात फार वेळ तग धरत नाहीत. केरीच्या धक्क्यावर मे महिन्यात ती लावण्यात अर्थच नाही. चिलापी मात्र चिवट. तिलाही गोड्या पाण्यातून थेट समुद्राच्या पाण्यात टाकले तर ती काही तासांत मान टाकते. पण बादलीतले पाणी हळूहळू बदलत, टप्प्याटप्प्याने खारट करत नेले, तर दोन-चार दिवसांत तिच्या कल्ल्यांतल्या पेशी आपले काम उलटे फिरवतात आणि ती समुद्राच्या पाण्यात आरामात जगते, इतकेच काय, वाढतेसुद्धा. जुने जाणते गरी घालणारे बादलीत तळ्याचे पाणी अर्धे आणि खाडीचे अर्धे असे मिसळून मासे ठेवतात, ते याच कारणाने. त्यांनी परासरण हा शब्द ऐकलेला नसेल, पण निमखाऱ्या पाण्यात मासा सर्वांत कमी थकतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. निमखाऱ्या पाण्यातले मीठ आणि माशाच्या रक्तातले मीठ जवळपास सारखे असल्यामुळे दोन्हीकडची ओढाताण थांबते.

काळुंदर तर जन्मतःच दोन्ही पाण्यांचा. मानशीच्या आत, मानशीच्या बाहेर, तो कुठेही रमतो.

इथे आपल्या नद्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. खारे पाणी म्हणजे समुद्र आणि गोडे पाणी म्हणजे नदी, असे पुस्तकात असते. आपल्याकडे ते महिन्यागणिक बदलते. तिळारीचे पाणी साळ, इब्रामपूर, कोलवाळ करीत खाली येते आणि शापोरा नदी होऊन मोरजीपाशी समुद्राला मिळते. उत्तरेला तेरेखोल नदी आरोंदा आणि किरणपाणी यांच्यामधून केरीला येते. डिचोलीच्या दक्षिणेला मांडवी. जुलै-ऑगस्टमध्ये या नद्या दुथडी भरून वाहतात तेव्हा मुखापासून थोडे आत गेले की वरचे पाणी जवळजवळ गोडेच असते. मग पाऊस ओसरतो, प्रवाह मंदावतो, आणि दिवसातून दोनदा येणारी भरती मीठ आत आत ढकलत नेते. एप्रिल-मेमध्ये सारमानसच्या फेरीवरून हात बुडवून चाखलात तर पाणी चांगलेच खारट लागते. म्हणजे जो तळ्यातला मासा श्रावणात नार्व्याच्या पाण्यात खुशाल पोहेल, तोच वैशाखात तिथे तडफडेल. मासा तोच, जागा तीच.

शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येईल असा एक प्रयोग इथे सुचवतो. केरी, किरणपाणी, कोलवाळ, साळ, सारमानस आणि मये तलाव अशा ठिकाणांहून एकाच दिवशी बाटलीभर पाणी आणा. प्रत्येकातले बरोबर १०० मिलिलिटर पाणी गाळून, प्रयोगशाळेतल्या वजन केलेल्या बशीत आटवा आणि बशी पुन्हा वजन करा. समुद्राच्या पाण्यातून साधारण साडेतीन ग्रॅम मीठ राहील, मयेच्या पाण्यातून काट्यावर दिसेल न दिसेल एवढे. बाकीची गावे या दोहोंच्या मध्ये कुठे बसतात ते तक्त्यावर मांडा. हाच प्रयोग ऑगस्टमध्ये आणि मग पुन्हा मेमध्ये केला तर तक्ता कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. मासे मात्र प्रयोगात घेऊ नका. मीठ काय करते ते पाहायचे असेल तर काकडीच्या दोन चकत्या पुरतात. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून त्यात. तासाभराने दोन्ही वाकवून बघा.

आता चिलापीकडे वळू. मूळची ही आफ्रिकेतली. जिला आपण सर्रास चिलापी म्हणतो ती मोझांबिक तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. हेतू चांगला होता. कमी खर्चात, कसल्याही पाण्यात वाढणारा, गरिबाच्या ताटात पडेल असा मासा हवा होता. ती वाढलीही, पण गरजेपेक्षा जास्त. दोन-तीन महिन्यांची झाली की ही अंडी घालायला लागते, आणि अंडी-पिल्ले मादी स्वतःच्या तोंडात सांभाळते, त्यामुळे इतर माशांना ती खायला मिळत नाहीत. महिना-दीड महिन्याने पुन्हा नवी वीण. तळे थोड्याच काळात बोटभर चिलापींनी भरून जाते; ना त्या मोठ्या होतात, ना दुसऱ्यांना वाढू देतात. हे ध्यानात आल्यावर देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घातली. तोवर ती हाताबाहेर गेली होती. आज महाराष्ट्रातल्या धरणांपासून गोव्याच्या खाजनांपर्यंत ती सगळीकडे आहे.

आमिष म्हणून तिचा विचार जगात फार पूर्वीच झाला आहे. हवाई बेटांवर कुपा जातीचे मासे गळाने पकडताना समुद्रात जिवंत छोटे मासे फेकावे लागतात. त्यासाठी तिथे ‘नेहू’ नावाचा नाजूक छोटा मासा वापरत, पण तो पुरेसा मिळत नसे आणि टाकीत पटकन मरे. म्हणून १९५०च्या दशकात तिथे चिलापी आणून, वाढवून, आमिष म्हणून वापरून पाहण्यात आली. ती चिवट निघाली, पण नेहूची जागा काही घेऊ शकली नाही. गेली मात्र नाही. हवाईच्या ओढ्यांत आणि नदीमुखांत ती आजही आहे. आपल्या देशातही लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर कुपा याच पद्धतीने, जिवंत आमिष फेकून आणि काठीच्या गळाने पकडतात. पण तिथले लोक आमिषाचे मासे आपल्याच बेटाभोवतीच्या उथळ पाण्यातून, प्रवाळाजवळून धरतात. बाहेरून आणत नाहीत.

पालकांपैकी कुणी म्हणेल, रायगड जिल्ह्यात तर शेतकरी तळ्यात चिलापी सोडतात ती जिताड्याला खायला घालण्यासाठीच! बरोबर आहे. जिताडा म्हणजे आपला चोणकच. पेण-अलिबागकडच्या खारभूमीतल्या शेततळ्यांत जिताडा पाळण्याची परंपरा आहे आणि छोटे जिवंत मासे हा त्याचा आहार. चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी जलकृषी संशोधन संस्थेने १९९७मध्ये या माशाचे बीज उबवणी केंद्रात तयार करण्यात यश मिळवल्यापासून त्याच्या शेतीला शास्त्रीय आधारही मिळाला. पण तळे बांधलेले असते, मालकाचे त्यावर लक्ष असते, आणि जिताडे इतके असतात की चिलापीची पिल्ले वाढण्याआधीच संपतात. नदीत हे गणित जमत नाही. तिथे चोणक आपण सगळेच पकडत असतो आणि चिलापी कुणीच मनापासून पकडत नाही.

आमच्या मते खरा मुद्दा इथेच आहे. गोड्या पाण्यातला जो मासा खाऱ्या पाण्यात टिकत नाही, तो आमिष म्हणून निरुपयोगी, पण नदीला निरुपद्रवी. जो टिकतो, तो आमिष म्हणून उत्तम, आणि नेमका तोच नदीसाठी धोक्याचा. संध्याकाळी काळोख पडतो, फेरी सुटायची वेळ होते, बादलीत पाच-सात मासे उरलेले असतात. त्यांना मारायचे जिवावर येते. मग भूतदया म्हणून बादली पाण्यात रिकामी केली जाते. करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण त्या पाच-सातांत एक जरी अंडी तोंडात धरलेली मादी असली, तर एका मानशीच्या तळीला तेवढे पुरते.

मानस आणि तिच्या आतली तळी म्हणजे काय हे शहरात गेलेल्या आपल्या कुटुंबांतल्या नव्या पिढीला कदाचित सांगावे लागेल. नदीकाठच्या सखल शेतात खारे पाणी शिरू नये म्हणून पूर्वजांनी बांध घातले आणि बांधात लाकडी दारांची मानस बसवली. भरतीचा दाब आला की दार आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना वीज, ना माणूस. सारमानस या गावाच्या नावातच ती आहे. दाराच्या आतल्या बाजूला जी खोलगट तळी असते तिच्यात भरतीबरोबर आलेली सुंगटे, शेवटे, काळुंदर, चोणकाची पिल्ले वाढतात. ओहोटीच्या वेळी दारात जाळे लावून ती धरतात. अनेक गावांत मानशीवरच्या मासेमारीचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो आणि त्या पैशातून बांधाच्या डागडुजीला हातभार लागतो. म्हणजे तळीत काळुंदर आणि सुंगटे किती, यावर बांध किती मजबूत राहणार हे काही अंशी ठरते. आणि बांधामागे भाताची शेते आहेत.

काळुंदर फार घाई करणारा मासा नाही. नर-मादी दोघे मिळून अंडी राखतात, पिल्लांना घेऊन फिरतात, शेवाळ आणि तळावरचा गाळ-कचरा खातात. चिलापीचेही खाणे जवळपास तेच. नर चिलापी तळाच्या मातीत खड्डे करून आपली जागा अडवते आणि आसपास कुणाला फिरकू देत नाही. एकाच ताटावर शांत पाहुणा आणि घाईचा पाहुणा बसवला तर काय होणार ते वेगळे सांगायला नको. बाजारात या दोहोंच्या दरात जो फरक आहे तो आपल्या आयांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तव्यावर मावणारा एक मासा काय करू शकतो, याचे जपानमधले उदाहरण प्रसिद्ध आहे. १९६० साली तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेला गेले असता शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्लूगिल मासे भेट दिले. ते त्यांनी मायदेशी नेऊन मत्स्यसंशोधन संस्थेच्या हवाली केले. खाण्यासाठी वाढवता येतील अशी कल्पना होती. तिथून ते मोकळ्या पाण्यात पोचले, आणि बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या सरोवरात मूळच्या माशांना त्यांनी हैराण केले. २००७ साली, सम्राट असताना, अकिहितो यांनी त्याच परिसरात एका जाहीर समारंभात याबद्दल खेद व्यक्त केला. विशेष म्हणजे ते स्वतः मासे या विषयाचे अभ्यासक. आपल्याकडच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्यांच्या गोतातल्या माशांवर त्यांनी शोधनिबंध लिहिले आहेत. एवढ्या जाणकाराच्या हातून आलेला मासाही परत बोलावता आला नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत आता जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यावर बंधने आहेत.

माशांबरोबर रोगही प्रवास करतात. १९८८मध्ये भारतात माशांच्या अंगावर जखमा आणि व्रण पाडणारी एक साथ आली, ती गोड्या पाण्यातल्या मरळीपासून निमखाऱ्या पाण्यातल्या माशांपर्यंत पसरली. तिच्या मुळाशी बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव होता, आणि तो पाण्यातून, ओल्या जाळ्यांतून, माशांच्या अंगावरून एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. बादलीतले पाणी म्हणूनच नुसते पाणी समजू नये.

मग गरी घालूच नये का? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. नदीकाठी दोन तास शांत बसणे हे आजच्या मुलांना मिळते तरी कुठे! फक्त आमिष ज्या पाण्यात गरी घालायची त्याच पाण्यातले असावे. यासाठी आपल्याकडे शेवटा आहे. २०१६ साली गोवा सरकारने त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केले, ते जेवणातल्या त्याच्या मानाला धरूनच. वीतभर लांबीचा शेवटा खाडीतच वाढलेला असतो, त्याला मिठाची सवय लावावी लागत नाही, आणि चोणकाचे तर ते रोजचे जेवण. जिवंत सुंगट त्याहून सोपे. शेवटा लावायचा तर वाहत्या पाण्यात ओठांतून गळ घालावा, म्हणजे तो प्रवाहाकडे तोंड करून श्वास घेत राहतो. स्थिर पाण्यात पाठीच्या पंखाच्या किंचित पुढे, कण्याला न लागता वरच्या कातडीतून घालावा. शिकारी मासा सावज बहुधा डोक्याकडून गिळतो, कारण तसे गिळताना पाठीचे काटे मिटतात, उलटे गिळले तर घशात रुततात. म्हणून ओढ लागताच हिसका न देता क्षणभर थांबतात, ते त्याला मासा फिरवून घेऊ द्यायला.

जिवंत मासा टोचणे काही मुलांना, आणि काही पालकांनाही, रुचत नाही. तो संकोच आम्हांला योग्यच वाटतो. त्यांनी मेलेले सुंगट लावावे. चोणक कमी लागेल, पण काहीतरी लागेल. एक गोष्ट मात्र सर्वांनी पाळावी. मानशीच्या दाराजवळ ओहोटीच्या वेळी पाण्यात उतरू नये. वरून पाणी संथ दिसते, पण दारातून ते प्रचंड जोराने ओढले जाते, आणि दगडांवर शेवाळ असते. लहान मुलांनी मोठ्यांशिवाय तिथे जाऊच नये.

विश्वस्तांना आणि पालकांना एक विनंती. आपल्यापैकी अनेक जण आपापल्या देवस्थानांचे महाजन आहेत. देवळांच्या तळ्यांत नको असलेले काचपेटीतले शोभेचे मासे आणि उरलेली चिलापी सोडली जाते, आणि पावसाळ्यात तळी भरून वाहिली की ती ओहोळावाटे नदीला जातात. तळ्याच्या पायरीवर ‘इथे मासे सोडू नयेत’ एवढी एक पाटी लावता आली तर बरे. पाटी लिहायला आपल्या शाळेची मुले तयार आहेत. हरमलच्या किनाऱ्यालगतच्या गोड्या तळ्यासारख्या, समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या जागी तर अशी पाटी अधिकच हवी.

आणि बादलीत उरलेल्या माशांचे काय करायचे, हे अनेकांनी विचारले आहे. त्याच खाडीतला शेवटा किंवा सुंगट असेल तर जिथून धरले तिथेच सोडावे. चिलापी असेल तर घरी न्यावी. हळद, मीठ, आमसूल आणि रवा लावून कुरकुरीत तळली तर ती इतकी वाईट लागत नाही, जितके तिला नाव ठेवतात. फारच बारीक असतील तर नारळाच्या आळ्यात पुरावीत. आणि बादलीतले पाणी नदीत किंवा विहिरीजवळ न ओतता अंगणात, उन्हाने तापलेल्या कोरड्या मातीवर ओतावे.